डंडीसाहेबांचा जयजयकार करण्याआधी

आज १२ मे. सकाळी डोळे उघडायच्या आत आमच्या ओमाहातल्या (अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य) मराठी ग्रुपवर फॉरवर्ड येऊन पडलेला. १८७९ साली आजच्याच दिवशी जज एल्मर डंडीने इंडियनांना (म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांना, तेव्हाच्या कायद्यातला शब्द) 'माणूसपण दिलं'. खाली हात जोडलेल्यांची रांग.

दिलं? खिशातून काढून? टाळकंच सरकलं माझं.

आई इथे आली होती तेव्हा तिला फोर्ट ओमाहा, इथली जुनी लष्करी छावणी, दाखवायला नेलं होतं. आता तिथे कॉलेज भरतं, पण तेव्हाचे लष्करी अधिकारी जनरल क्रुक यांचं विटांचं घर अजून उभं आहे. पोंका जमातीचे सरदार स्टँडिंग बेअर यांना याच छावणीत डांबलं होतं, मग खटला झाला, आणि इंडियन हाही कायद्याने 'पर्सन' ठरला, असं मी तिला सांगत होतो. आई पायरीवर टेकली. म्हणाली, "म्हणजे तोवर काय समजत होते रे त्यांना?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

१८७७ मध्ये सरकारने पोंकांना नेब्रास्कातून उचललं आणि दक्षिणेत नेऊन टाकलं. माणसं पटापट मेली. स्टँडिंग बेअरचा सोळा वर्षांचा पोरगाही गेला, मला आपल्या मातीत पुरा एवढं मागून. १८७९ च्या जानेवारीत, त्या थंडीत, बाप अस्थी घेऊन निघाला. सोबत तीसेक माणसं. परवानगीशिवाय निघाले म्हणून सरकारने पकडलं. फॉरवर्डमध्ये ती पायपीट नाही. भर कोर्टात हात पुढे करून, यालाही टोचलं तर दुखतं, असं सांगणारा बाप नाही. फुकट लढलेले वकील वेबस्टर आणि पॉपलटन नाहीत. नुसता जज!

बरं, मान्य. हिंमत होतीच डंडीची. इंडियनला हेबिअस कॉर्पस (बेकायदा कैदेतून सुटकेसाठी कोर्टात दाद) मागायचा हक्कच नाही, असं सरकारी वकील म्हणत होता. तेवढ्यावर प्रकरण मिटवता आलं असतं. उलट निकालाच्या सुरुवातीलाच तो लिहितो, पंधरा वर्षांत इतकं काळजाला भिडणारं प्रकरण माझ्यापुढे आलं नव्हतं. ते वाचलं की माझाही राग निवतो.

पण पुढचं कोण सांगणार? १८६८ पासून १८९६ ला मरेपर्यंत हा माणूस त्याच खुर्चीवर होता. १८८० मध्ये जॉन एल्क नावाचा इंडियन, जमात सोडून ओमाहात राहणारा, मतदार यादीत नाव घालायला गेला. नाही म्हणाले. तेच दोन वकील पुन्हा उभे राहिले. समोर पुन्हा डंडी, या वेळी मॅक्रेरी या सर्किट जजच्या जोडीला. दावा फेटाळला! इंडियनाला जमात सोडायचा हक्क आहे, हे १८७९ मध्ये लिहिणारा हाच ना? १८८४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. सगळ्या इंडियनांना नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं. माणूस आहेस, पण मत द्यायचं नाही. आईला हे सांगितलंच नाही मी, धीर झाला नाही.

त्या दिवशी परतताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. डॉज स्ट्रीटच्या सिग्नलला म्हणाली, "कोर्टाचं राहू दे. पोराच्या अस्थी पोचल्या ना गावाला?"

पोचल्या, आई. सुटल्यावर बापाने नेल्या. नायोब्रारा नदीच्या मुलखात, स्वतःच्या मातीत पुरल्या.