पाझर तलाव आटला म्हणून बोंब मारण्याआधी

जानेवारी-फेब्रुवारी लागला की गावोगावच्या ग्रुपवर एकच फोटो फिरायला लागतो. भेगाळलेला तळ, मधोमध डबक्याएवढं पाणी आणि खाली ओळ: 'तलाव आटला, सरकारचा पैसा पाण्यात.' मला त्या फोटोचं काही वाटत नाही. पाझर तलाव पाणी जिरवायला बांधतात. तो भरलेला आहे की कोरडा हे पाहून काही कळत नाही. बांधाच्या खालच्या अंगाला जा, तिथल्या विहिरीत डोकावा. पाणी वर चढलेलं असेल तर तलावाने आपलं काम चोख केलंय.

आज आपण ज्यांना सहज नावं ठेवतो त्यातले कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळाने दिलेले आहेत. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडायची, नाहीतर तलावाच्या बांधावर माती टाकायची. जुन्या बायकांना विचारून बघा. डोक्यावर घमेलं, मुकादमाची हजेरी, दुपारची सुकडी आणि रेशनची लाल मिलो ज्वारी, सगळं आठवतं त्यांना. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना राज्यभर पसरली ती याच काळात, कायदा झाला १९७७ साली. आणि हो, बांधासाठी, बुडितासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं नाव कुठल्याच फलकावर नसतं.

आता थोडं बांधकामाचं. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, आणि जादा पाणी निघून जायला कडेला सांडवा. कालवा नाही, मोरी नाही. सिंचनाच्या तलावात बांधाखालून पाणी निसटू नये म्हणून पाया खोल नेऊन घट्ट भरतात. इथे तेवढा नेत नाहीत, कारण बांधाला धोका नसेल तर खालून पाणी सरकलेलं हवंच असतं. बांधाच्या पायथ्याशी ऐन उन्हात ओल दिसते, लव्हाळा उगवलेला असतो, त्याचं कारण हे.

आपल्या राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्ट खडकाचा. काळा पाषाण लागला की पाणी हटून बसतं. वरचा कुजलेला मुरूम, भेगाळलेला थर असेल तिथेच ते मुरतं. म्हणून जागा चुकली की तलाव फसतो. नेत्याच्या वस्तीजवळ पाहिजे म्हणून जागा ठरवलेले तलावही आहेत, ते खरोखर फुकट गेले. पण जो तलाव दिवाळीला भरलेला आणि होळीला रिकामा असतो, त्याला त्यांच्या रांगेत बसवू नका. उघड्यावरचं पाणी वर्षाला दीड मीटरहून जास्त नुसतं वाफ होऊन उडतं. जमिनीखाली गेलेल्याला ऊन लागत नाही.

आणि गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर बहुतेक वेळा याच तलावाच्या खाली असते. २०१९ ला जल जीवन मिशन आलं, माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट ठरलं, उंच टाकी झाली, दारात तोटी आली. छान झालं. पण टाकीत चढणारं पाणी त्या विहिरीतूनच येणार ना? गावाच्या बैठकीत टाकीच्या रंगावर तासभर बोलणं होतं, तलावाचा विषय निघत नाही.

माझा खरा राग मोटारींवर आहे. पाझर तलावातून थेट उपसा करायचा नसतो हे सगळ्यांना माहीत आहे, तरी ऑक्टोबरपासून काठावर पाइप दिसायला लागतात. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेऊ नये असं १९९३ च्या भूजल कायद्याने सांगितलं होतं, त्याची जागा पुढे २००९ च्या कायद्याने घेतली. तेवढ्याच अंतरात बोअरची गाडी रात्रीत येऊन जाते आणि सकाळी सगळे गप्प, कारण बोअर कुणाच्या तरी भावकीतल्याचं असतं. त्यावर कडी म्हणजे प्लास्टिकचं शेततळं. तलावाने महिनोन्महिने जिरवलेलं पाणी विहिरीतून उपसायचं आणि परत उन्हात उघड्यावर पसरून ठेवायचं! पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला शेततळं जरूर करा, पण भूजल भरून ठेवायला नको. फळबागवाल्यांना हे पटणार नाही, कमेंटमध्ये या, बोलू. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचंच बंद केलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. ते गाव टँकरमुक्त राहिलं यात चमत्कार कसला?

राहिला गाळ. पन्नास वर्षांत तळाशी लोण्यासारखी बारीक माती बसते, तिचा थर चिकट होतो आणि पाणी मुरणं मंदावतं. मग तलाव मेपर्यंत भरलेला दिसतो, लोक खूश होतात, आणि खालच्या विहिरी कोरड्या! म्हणून गाळ काढलाच पाहिजे, हलक्या रानात टाकला तर रानही सुधारतं. फक्त पोकलेन आला की गावातल्या दोघांनी तिथे उभं राहावं. गाळ संपून मुरूम लागला की खोदाई थांबवायची. गाळाच्या नावाखाली मुरमाचे डंपर भरून रस्त्याच्या कामावर नेणारे असतात. आणि बांधाच्या आतल्या पायथ्याला खेटून तर बकेट लावूच द्यायची नाही, पहिल्या मोठ्या पावसात बांध घसरतो.