माझ्या शॉकअपला हात लावू नका म्हटलं होतं ना!

आज माझी मोटरसायकल सर्व्हिसिंगहून आणली आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. काउंटरवर उभं राहून स्पष्ट सांगितलं होतं, मागच्या शॉकअपला हात लावायचा नाही. जॉब कार्डवर तसं लिहा म्हटलं. "हो मॅडम, सांगतो मुलांना," म्हणाला. लिहिलं काहीच नाही. शॉकअपची स्प्रिंग दाबून धरणारी, पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारी कडी म्हणजे कॉलर. तिच्यावर मी पिवळ्या ऑइल पेंटची रेघ मारून ठेवलेली, दुसऱ्या पायरीवर, आंधळ्यालाही दिसेल अशी. गाडी ताब्यात आली तेव्हा कॉलर थेट सातव्या, शेवटच्या पायरीवर! बरं, नीट फिरवलेली तरी असावी? हूक पाना शोधायचा कंटाळा आला असणार, खाचेत स्क्रूड्रायव्हर लावून वर हातोडी हाणलीय. खाचेची कड चेपलेली, काळा रंग उडून आतला धातू उघडा पडलेला, आणि माझी पिवळी रेघ मधोमध खरवडलेली. म्हणजे रेघ दिसली होती. दिसूनही ठोकलं.

विचारलं तर म्हणे, "मॅडम, मागून लूज वाटत होता, फुल टाइट करून दिलाय. त्याचे पैसे नाही लावले." वर माझ्यासमोर स्वतः सीटवर बसून दोनदा उसळून दाखवलं. "बघा, आता कसा मस्त झालाय!" या माणसाचं वजन नव्वदच्या आत नसेल. माझं ५२ किलो. हेल्मेट, जॅकेट, बूट धरून ५८. गाडी मी चालवते, तू नाही, दादा!

ती दुसरी पायरी मी हवेतून काढली नव्हती. अख्खा रविवार घातला होता त्यात. मागचं चाक उचलून टेप लावायची, मग गाडी स्वतःच्या वजनावर, मग मी पूर्ण कपड्यांत सीटवर. भाऊ हँडल धरून उभा, आई पायरीवर बसून आकडे लिहितेय. माझ्या गाडीचा मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वरखाली जाऊ शकतं ते अंतर, १८० मिलिमीटर. स्वार बसल्यावर त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश दबला पाहिजे, हे कुठलंही सस्पेन्शनचं बरं मॅन्युअल सांगतं. माझं ५० वर आणून ठेवलं होतं. आज घरी येऊन मोजलं तर जेमतेम ३०. गाडी नुसती उभी असताना तर दबतच नाही, मागचं टोक पूर्ण वर येऊन अडकलेलं. चाकाला खाली उतरायला जागाच उरली नाही तर ते खड्ड्यात उतरणार कसं? वरून उडतंच जाणार. येताना प्रत्येक स्पीडब्रेकर उतरला की मागून टक् असा आवाज, शॉकअप वरच्या टोकाला आपटल्याचा. सीट दोन सेंटिमीटर वर गेली. सकाळपर्यंत सिग्नलला माझे दोन्ही पाय टेकत होते, आता चवड्यावर उभी राहतेय. मागचं टोक वर गेल्यामुळे गाडीचा सगळा कल पुढे झालाय, ब्रेक दाबला की आणखी पुढे. पाऊस पडलेला, कात्रजचा उतार, बाजूला कंटेनर, आणि खाली अशी गाडी. हे "पैसे नाही लावले"वालं काम!

आणि प्रीलोड, म्हणजे कॉलरने स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवून स्प्रिंग कडक होत नाही, हे वर्षानुवर्षं शॉकअप उघडणाऱ्यांना कुणी तरी एकदा सांगा. स्प्रिंग तीच राहते. किती न्यूटनला किती मिलिमीटर दबायची ते ती बनली तेव्हाच ठरलं. कॉलर फिरवली की गाडीची उंची बदलते, सुरुवातीचा दाब बदलतो, बस. पण आपल्याकडे सस्पेन्शनच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध: कडक करा. गाडी हलते? कडक करा. खड्ड्यात आदळते? कडक करा. कंबर दुखते? कडक करा, आणि सीटवर जेल पॅड टाका. मऊ स्प्रिंग शोधत मी नाना पेठ पालथी घातलीय. एका दुकानदाराने तोंडावर सांगितलं, "ताई, कडक पायजे तर आत्ता देतो. मऊ कोन घेतं?" मी घेते! माझ्यासारख्या कितीतरी बायका आणि किडकिडीत पोरं घेतील. कंपन्या स्प्रिंग ठरवतात ती दोन माणसं आणि वर सामान धरून. एकट्या हलक्या स्वाराने मग काय करायचं, मागे सिमेंटची गोणी बांधून फिरायचं?

बाइकवाल्यांच्या ग्रुपवर विचारावं तर तिथले महारथी. "ओलिन्स टाक, विषय संपला." ओलिन्स म्हणजे महागड्या शॉकअपची कंपनी. अरे, ओलिन्सवाले आधी स्वाराचं वजन विचारतात आणि मग स्प्रिंग देतात. तुम्ही कुणाचा तरी वापरलेला, त्याच्या वजनाची स्प्रिंग असलेला शॉकअप आणून बसवता आणि सोनेरी रंगाचे फोटो टाकता. दुसरे क्लिकवाले, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत उसळावा (रिबाउंड) ते ठरवणाऱ्या स्क्रूचे क्लिक मोजणारे. "रिबाउंड १२ क्लिक ठेव, माझा एकदम सेट आहे." तू ९५ किलोचा, वर तीन पेट्या बांधून लडाखला जातोस. तुझे १२ क्लिक मी कशाला ठेवू? आणि पूर्ण बंद करून मोजलेत की पूर्ण उघडून, हे विचारलं की सगळा ग्रुप गप्प.

समोरच्या फोर्कला, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन शॉकअप नळ्यांना, असा फिरवायचा ॲडजस्टर हवा असेल तर त्याची वेगळी रड. साध्या गाडीला तो मिळत नाही. २०२३ मध्ये हीरोने एक्सपल्स प्रो या मोटरसायकलला दिला, २५० मिलिमीटर ट्रॅव्हलसकट. मन लावून वाचत गेले आणि सीटच्या उंचीशी थांबले: ८९१ मिलिमीटर. मी पाच फूट दोन इंच. म्हणजे सस्पेन्शन स्वतःच्या मापाचं करायचा हक्क आधी उंची असणाऱ्यांनाच. लगेच कुणीतरी लोअरिंग लिंक सुचवतं, म्हणजे गाडी खाली बसवायला मागच्या शॉकअपची जोडपट्टी बदलायची. लिंक बदलली की शॉकअपवर येणारा जोर बदलतो, खालची जागा कमी होते, साइड स्टँड लांब पडून गाडी उभीच्या उभी राहते, वारा आला की पडायला मोकळी. शंभरातले नव्वद हे सांगत नाहीत, "मी पण लावलीय, काही होत नाही" एवढंच.

आता बाकीचंही ऐकाच. आज चेनही ताणून दिलीय, बोटाने दाबली तर हलत नाही. चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वरखाली होताना मधे एका जागी चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, म्हणून ढील ठेवायची असते. ढीलच नसेल तर चेनच चिमट्याला धरून ठेवते आणि शॉकअप कितीही भारी असो, काम करत नाही. टायरमध्ये हवा ४० पीएसआय. चाकावर बसून प्रवास करायचाय की दगडावर? मागच्या सर्व्हिसला फोर्कमध्ये ड्रममधलं मिळेल ते ऑइल ओतलं होतं, फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग काढून पातळी मोजायची असते हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. त्याच्या आधी ऑइल सील गळतंय म्हणून दोन्ही सील बदलायचं एस्टिमेट दिलं. घरी आणून जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापली, सीलच्या ओठाखालून फिरवली, कणभर वाळू निघाली, गळणं बंद.

आणि रस्ते! इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता यावा असा. आमच्या कॉलनीच्या तोंडावरचा गुडघ्याएवढा, रुंदीला टायरपेक्षा जेमतेम जास्त, वर पांढरा पट्टा नाही. रात्री तो पाठीला लागल्यावरच कळतो.

खाचेची चेपलेली कड मी आत्ता कानस लावून सरळ केलीय, कॉलर परत दुसऱ्या पायरीवर आणलीय, चेन सैल केलीय. हूक पानाही माझा स्वतःचा, विकत आणलेला; टूलकिटमध्ये तो द्यायला कंपनीला जड जातं. उद्या सकाळी कॉलरचे फोटो घेऊन त्याच काउंटरवर जाणार आहे. नवीन कॉलर त्यांच्या खर्चाने हवी. आणि पुढच्या वेळी जॉब कार्डवर "मागचा शॉकअप: हात लावू नये" असं लिहून मॅनेजरची सही मिळाल्याशिवाय किल्ली देणार नाही.