आप्पांना नुसत्या नावाने हाक

बेळगावच्या शहापुरातील आमच्या कट्ट्यावर गेल्या गुरुवारी आप्पा नेहमीपेक्षा उशिरा आले आणि बसण्यापूर्वीच त्यांनी तक्रार मांडली. कुठल्याशा विमा कंपनीतून त्यांना फोन आला होता. बोलणाऱ्या मुलाने ७६ वर्षांच्या या माणसाला पुढे 'श्री' नाही, मागे 'राव' नाही, अशा नुसत्या नावाने हाक मारली होती. हप्ता थकल्याचे सांगायला काहीच हरकत नव्हती, पण नातवाच्या वयाच्या पोराने नाव घ्यावे हे त्यांना झोंबले होते.

गुरुजींना असा विषय मिळाला की चहा निवतो. चाळीस वर्षे मराठी शिकवलेला हा माणूस लगेच पत्राच्या मायन्यावर गेला. वडिलांना 'तीर्थरूप', वडिलांच्या जागी असलेल्यांना 'तीर्थस्वरूप', बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.', धाकट्यांना 'चिरंजीव' आणि परक्या प्रतिष्ठिताला 'रा. रा.', म्हणजे राजमान्य राजश्री. लिहिणारा वाचणाऱ्याच्या कितव्या पायरीवर उभा आहे हे पहिल्याच ओळीत कळत असे, असे त्यांचे म्हणणे. पत्र गेले आणि मायनाही गेला. आता ही संपत्ती लग्नपत्रिकेत तेवढी शिल्लक आहे, कारण तिथले 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' वगळण्याची कुणाची छाती होत नाही.

वकिलांनी राज्यघटनेचे १८ वे कलम काढले. शासनाने किताब देऊ नयेत असे ते कलम सांगते. पद्म पुरस्कारांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हे पुरस्कार वैध ठरवले, पण ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत असे बजावले. २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या नावापुढचे 'महामहिम'सुद्धा गेले, तर आपल्या 'राव'ची काय कथा, असा त्यांचा सवाल होता. शिवाय आपला गाव दोन राज्यांच्या हद्दीवर होता, शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडे, त्यामुळे चार पावलांच्या अंतरात दोन दरबारांचे मानपान सांभाळावे लागत आणि त्यातून सुटलो हे बरेच झाले, असेही ते म्हणाले.

गुरुजींनी हे मान्य केले नाही, आणि इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. 'रावबहादूर' सरकारने दिला आणि सरकारबरोबर गेला. 'राव' मात्र कुणी राजपत्रात छापून दिलेला नव्हता, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडचा होता. किताब आणि संबोधन यांची गल्लत कोर्टात चालत असेल, कट्ट्यावर चालू नये.

पण वकिलांचा पुढचा मुद्दा सहज उडवता येण्यासारखा नव्हता. शेजाऱ्यांच्या तोंडचा तो मान तरी सगळ्यांना कुठे मिळत होता, असे त्यांनी विचारले. लेखणीवाल्याला 'पंत', दुकानदाराला 'शेट' आणि हमालाला नाव मोडून हाक, अशी ती वाटणी होती. 'सौ.' आणि 'गं. भा.' हे तर आदराचे शब्दच नव्हेत, ते नवऱ्याच्या हयातीचे दाखले आहेत. महाराष्ट्रात २०२३ मध्ये विधवांसाठी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव चर्चेत आला तेव्हा बायकांनीच तो झिडकारला, याची त्यांनी आठवण करून दिली.

बेंगळुरात नोकरी करणारा, सुटीवर आलेला आमचा एक तरुण मित्र एवढा वेळ ऐकत होता. त्याच्या कचेरीत साहेबालाही नावानेच हाक मारतात आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही, असे तो म्हणाला. मात्र त्या साहेबाशी मराठीत बोलायची वेळ आली की जीभ अडखळते, हेही त्याने कबूल केले. नाव नुसते घेता येते, पण पुढे 'आलास' म्हणायचे की 'आलात' हे ठरवावेच लागते. माझ्या मते खरी जागा हीच आहे. मराठीत मान नावात कमी आणि क्रियापदात जास्त असतो. अपघाताची बातमी वाचून पाहा : ट्रकचालक बहुधा 'पळून गेला' असतो आणि पुढारी 'घटनास्थळी पोहोचले' असतात. उपाधी कुणालाच नसते, तरी कोण कुठल्या रांगेतला हे वाचकाला कळते.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही इतकी वर्षे एकत्र बसूनही ऐकले नव्हते. चौदाव्या वर्षी ते दुसऱ्याकडे विणकामाच्या मागावर कांड्या भरायला लागले. मालक आपल्याच भाषेचा, पण त्याच्या तोंडी यांच्यासाठी 'ए' किंवा मोडलेले नाव, याशिवाय तिसरे काही नसे. सूत आणायला पाठवले की कन्नड व्यापारी त्याच पोराला 'बर्री', म्हणजे आदराने 'या', म्हणून आत बोलवी. त्या मानाच्या 'री'ला त्याचा काही खर्च नव्हता, तो तिथे येणाऱ्या प्रत्येकालाच 'री' म्हणे, हे आप्पांनाही ठाऊक होते. तरी सूत आणायची पाळी आपली यावी म्हणून ते धडपडत. पुढे कर्ज काढून स्वतःचे दोन माग घातले, पन्नाशी गाठली, तेव्हा कुठे गल्लीत 'आप्पा' झाले. "वकीलसाहेब, तुमच्या घरी तो मान पिढ्यान्‌पिढ्या होता, म्हणून तुम्हाला तो टाकून देता येतो," एवढेच ते म्हणाले. वकील काही बोलले नाहीत.

तरुणाने विषय हलका करण्यासाठी तांत्रिक बाजू सांगितली. फोन करणाऱ्या मुलाचा त्यात फारसा दोष नसतो. अर्जातल्या पहिल्या रकान्यातले नाव त्याच्या पडद्यावर येते आणि तो ते वाचतो. उपाधीसाठी वेगळा रकाना असतो, तो आप्पांच्या अर्जात कोरा राहिला असणार. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि तो रकाना आत्ता भरून देतो म्हणाला.

"त्यात 'आप्पा' लिहिता येईल?" आप्पांनी विचारले.

यादीत श्री, श्रीमती, कुमारी आणि डॉक्टर एवढेच पर्याय होते.

"मग 'श्री' घाल. तोही कधी कुणी लावला नव्हता."