मालकाचं उत्तर : भाकरी गार होती, शिळी नव्हती

नमस्कार साहेब,

चांदोली राष्ट्रीय उद्यानाजवळच्या आमच्या राहण्या-जेवणाच्या जागेबद्दलचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू परवा वाचला. गरम पाणी नीट आलं नाही आणि रात्री आमचं वळण तुम्हाला सापडलं नाही, या दोन्हींबद्दल माफी मागतो. लहान मूल सोबत होतं, त्रास झाला असणार.

पण "जेवण उशिरा, भाकरी शिळी" असं लिहिलंत, ते जिव्हारी लागलं.

त्या दिवशी सव्वाचारला तुमचा फोन आला, पेठनाक्यावर आहोत, दोन तासांत पोचतो. शिराळा, कोकरूड, तिथून वारणेच्या कडेनं वर, म्हणजे दोन तासांचा हिशोब बरोबरच होता. मी लगेच कोंबडी आणली. सातला आमच्या मंडळींनी सहा माणसांच्या चौदा भाकऱ्या केल्या. आठला फोन केला, उचलला नाही. नऊला उचललात तेव्हा म्हणालात, जोतिबाला आलोय, आता निघतोच. देवाला गेलात, त्याला कोण नाही म्हणेल? पण मधे एक फोन करायला हवा होता. अंगणात गाडी लागली तेव्हा पावणेअकरा झाले होते.

तोवर रस्सा तीनदा तापवला. शाळूची भाकरी तव्यावरून उतरली की ताटात जायची वस्तू. साडेतीन तास दुरडीत राहिल्यावर ती वातड होणारच. म्हणून मंडळींनी रात्री अकराला चूल परत पेटवून आठ भाकऱ्या नव्यानं थापल्या. तुमच्या फोटोतली दुरडी आधीच्या भाकऱ्यांची आहे, ती म्हशीसाठी बाजूला ठेवली होती. गडबडीत त्यातली एखाद-दुसरी ताटात आली असेल, नाही म्हणत नाही. पण शिळी म्हणजे कालची. आमच्या घरात पाहुण्याला कालची भाकरी वाढत नाहीत, साहेब.

"एक गवासुद्धा दिसला नाही," असंही लिहिलंत. जीप सहाला दारात उभी होती. तुम्ही उठलात नऊला. (रात्री दीडपर्यंत गाणी चालू होती, शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी मला दोनदा उठवलं, ते असो.) ऊन चढलं की गवे रानात आत शिरतात, त्यांना कोण थांबवणार? चांदोली म्हणजे ताडोबा नव्हे. 317 चौरस किलोमीटरचं डोंगरातलं दाट रान आहे. 2010 पासून व्याघ्र प्रकल्प असला तरी वाघ दाखवतोच असं जो सांगेल त्याच्याकडं खोली घेऊ नका. आमचं जुनं गाव चांदोलीच्या धरणापायी उठलं. रानाबद्दल उगाच काही सांगून गिऱ्हाईक आणायला मला जमत नाही.

"त्यापेक्षा आंबा घाटात राहा," हा सल्ला वाचून माझ्या दोन बुकिंग तुटल्या. आंब्याची हॉटेलं चांगली आहेत, पोहण्याचा तलाव हवा असेल तर तिकडंच जावं. पण तिथून मणदूरच्या, म्हणजे आमच्या बाजूला यायला तासाहून जास्त लागतो, तेही घाटवळणांनी. पहाटेचं रान बघायचं तर पायथ्याच्या गावातच मुक्काम करावा लागतो, माझ्याकडं नाहीतर दुसऱ्या कुणाकडं. आणि पावसाळ्यात उद्यान बंद असतं, हे बुकिंग घेताना विचारून घ्या. बरेच जण सांगत नाहीत.

गिझरवाल्याला सांगितलंय, तो येतो म्हणालाय. वळणावर पाटीही लावतोय. रात्री नऊनंतर येणाऱ्यांच्या जेवणाचं काहीतरी ठरवावं लागेल, तेही बघतो.

स्टार दोन द्या नाहीतर एक, तो तुमचा हक्क. फोटोखालचा "शिळी" हा शब्द तेवढा काढता आला तर बघा. त्या रात्री चुलीशी आईपण बसली होती, आणि नातवानं तिला सगळं वाचून दाखवलंय.