जे आधी होईल ते

फोनवरची मुलगी फार आर्जवी होती. "सर, येत्या बावीस तारखेला आपल्या गाडीला तीन वर्षं पूर्ण होतायत," असं ती ज्या कौतुकानं म्हणाली, त्यावरून मला वाटलं सर्व्हिस सेंटरवाले केक पाठवतायत. पुढच्याच वाक्याला तिचा आवाज खाली आला. "त्याच दिवशी वॉरंटी संपते, सर." आयसीयूच्या दारात डॉक्टर थोरल्या मुलाला बाजूला घेऊन बोलतात, अगदी तसा.

मी म्हटलं, "बरं."

"मग पुढे काय विचार केलाय, सर?"

हा प्रश्न मला याआधी एकदाच विचारला गेला होता, दहावीच्या निकालानंतर, मामांकडून. उत्तर तेव्हाही नव्हतं.

आमच्या गाडीची वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. गाडी घेताना हे चार शब्द मी ऐकले होते, पण तेव्हा बॉनेटवर झेंडूचा हार होता, चाकाखाली लिंबं होती आणि बायको पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी होती. अशा वेळी माणूस कशालाही मान डोलावतो. त्याच टेबलावर शोरूमच्या पोरानं एक्स्टेंडेड वॉरंटीचंही विचारलं होतं, आणि टेफ्लॉन कोटिंग, मॅट, मडफ्लॅप या सगळ्यांबरोबर मी तिलाही "बघू नंतर" म्हणून वाटेला लावलं होतं. ते नंतर आता आलं होतं, आणि महाग होऊन आलं होतं.

तीन वर्षांत गाडी चालली सत्तावीस हजार चारशे किलोमीटर. विश्रामबाग ते मिरज, मिरज ते विश्रामबाग, वर्षातून दोन वेळा पुणे आणि एकदा गणपतीपुळे. म्हणजे बहात्तर हजार सहाशे किलोमीटरची वॉरंटी मी घडीसुद्धा न मोडता परत करत होतो. आमच्यासारख्या माणसाचं आधी काय होणार, हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. जो टॅक्सीसारखी गाडी पळवतो त्याचे किलोमीटर आधी संपतात, जो जपून वापरतो त्याची वर्षं. दोघांपैकी कुणालाही दोन्ही मिळत नाहीत.

चौथं आणि पाचवं वर्ष मिळून १४,५०० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. एकूण १७,११०. सतरा हजारांचं मला तितकं वाईट वाटलं नाही, जितकं त्या एकशेदहाचं वाटलं.

"आणि सर, बावीसच्या नंतर घेताच येत नाही."

सांगलीच्या माणसाला कुठलीही मुदत फुटांत सांगितली की लवकर कळते. आयर्विन पुलापाशी कृष्णा चाळीस फुटांवर आली की इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका पातळी. पहिला फोन आला तेव्हा बावीस तारखेला तीन आठवडे होते, म्हणजे पाणी साधारण तीस फुटांवर. या पातळीला सांगलीकर घाबरत नाही. पुलावर जाऊन पाणी बघून येतो, भडंग खातो आणि झोपतो. मीही तेच केलं.

बावीस तारखेच्याच आठवड्यात गाडीचा थर्ड पार्टी विमाही संपत होता. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे सगळी तीन वर्षं एकाच दारात येऊन उभी राहतात. घरात दोन्ही विषय एकदम निघाले आणि बाबांनी एकच गाठोडं बांधलं.

"विमा आहे ना? मग हे आणखी काय?"

"बाबा, विमा म्हणजे बाहेरून काही झालं तर. कुणी ठोकलं, चोरी झाली, पूर आला. वॉरंटी म्हणजे गाडीतच मुळात दोष निघाला तर."

"तीन वर्षांनी मुळातला दोष? इतके दिवस काय लपून बसला होता?"

बाबा एसटीत होते. एसटीला कुणी वॉरंटी देत नाही, तरी ती धावते, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांची पहिली बजाज चेतक कित्येक वर्षं नंबर लावल्यावर मिळाली होती. ती मिळाली हीच वॉरंटी, पुढचं आपण आणि आपला मिस्त्री बघून घ्यायचं.

विम्याचं मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि त्याचं कारण खालच्या मजल्यावरचे गुरुजी. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा गुरुजींची गाडी छतापर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर विम्याचा सर्व्हेअर आला, चिखलातून गाडीला एक फेरी मारली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "नंतर किल्ली फिरवून बघितली होती का?" गुरुजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. खरं बोलायची खोड. "तीनदा!" ते अभिमानानं म्हणाले. सर्व्हेअरनं पेन काढलं. इंजिनात पाणी शिरलेलं असताना ते फिरवलं की आतले कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि इंजिनाचा वेगळा रायडर, म्हणजे जादा संरक्षण, घेतलेला नसेल तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. गाडीच्या सीटा, वायरिंग, गालिचा सगळं मिळालं. इंजिन तेवढं सत्याच्या प्रयोगात गेलं. त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगीत कुणीही फॉर्म भरण्याआधी गुरुजींचा सल्ला घेतो आणि सही करायला मात्र दुसऱ्याला पाठवतो.

दुसऱ्या फोनला मी माहितीपुस्तिका मागवली. मोबाइलवर आली, चौतीस पानं. पहिल्या दोन पानांवर एक हसरं कुटुंब डोंगरात गाडी थांबवून उभं होतं. गाडी बंद पडली म्हणून थांबले असावेत, पण वॉरंटी असल्यामुळे हसत होते. तिसऱ्या पानापासून अक्षर बारीक होत गेलं आणि 'यात काय येत नाही' हे सुरू झालं. क्लचप्लेट येत नाही. ब्रेकपॅड येत नाहीत. वायपर, बल्ब, फिल्टर, बेल्ट, टायर नाहीत. बॅटरी नाही. रंग उडाला, गंज चढला, नाही. उंदरानं वायर कुरतडली, नाही. भेसळीचं पेट्रोल, नाही. बाहेरून सीएनजी बसवला किंवा म्युझिक सिस्टिमसाठी कुणी वायर कापली, तर मग काहीच नाही. एकही सर्व्हिसिंग चुकलं किंवा बाहेर केलं, तरी नाही. नैसर्गिक आपत्ती अर्थातच नाही. आणि एका ओळीवर मी बराच वेळ थांबलो: गाडीच्या कार्यक्षमतेवर परिणाम न करणारे आवाज व थरथर. हे वाक्य ज्यानं लिहिलं तो संसारी माणूस असणार.

हे सगळं वजा जाता जे उरलं, ते इतकं भारदस्त होतं की ते बिघडेल असं वाटेचना. इंजिन. गिअरबॉक्स. स्टिअरिंग. एसीचा कंप्रेसर. ईसीयू नावाचा गाडीचा मेंदू.

बायको पतसंस्थेत कर्जविभागात आहे. तिनं पुस्तिका बाजूला सारली आणि एकच विचारलं, "गेल्या तीन वर्षांत वॉरंटीतून वसूल किती झालं?"

मी आठवून म्हटलं, "हॉर्न."

"फक्त?"

"दुसऱ्या वर्षी गेला होता. फुकट बदलून दिला."

हॉर्न बिघडला की वापरून झिजला, हा वादाचा मुद्दा होता. सांगली-मिरज रस्त्यावर तो इंजिनापेक्षा जास्त चालतो.

"मग झालं तर," ती म्हणाली. मला वाटलं निकाल लागला. पण ती उठता उठता म्हणाली, "तुम्ही ठरवा."

आमच्या घरात हे वाक्य मागे एकदा उच्चारलं गेलं होतं, फ्रीजच्या वेळी. फ्रीजला एक वर्ष पूर्ण वॉरंटी आणि कंप्रेसरला दहा वर्षं. मी ठरवलं होतं, जादा वॉरंटी नको, मुख्य वस्तू तर कंप्रेसरच आहे. चौदाव्या महिन्यात आतलं सर्किट बोर्ड गेलं. कंप्रेसर ठणठणीत होता. तो पुढची पावणेनऊ वर्षं जगायला तयार होता, फक्त त्याला सुरू करणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा बायको एक शब्द बोलली नाही. शेजारणीच्या फ्रीजमधून दही आणायला मात्र ती रोज मलाच पाठवायची.

आता पाणी अडतीस फुटांवर होतं. मी एक्सेल उघडलं. एसी कंप्रेसर बदलायला अठ्ठावीस हजार, स्टिअरिंगचं युनिट छत्तीस, ईसीयू तीस. हे आकडे त्या मुलीनंच दिले होते, तेही आर्जवी आवाजात. आता प्रत्येक गोष्ट दोन वर्षांत बिघडायची शक्यता किती? ही मला कुठून कळणार? मी डोळे मिटले आणि मनाला येईल ते टाकलं. कंप्रेसर वीस टक्के, स्टिअरिंग पंधरा, ईसीयू वीस. गुणाकार झाला, बेरीज झाली. बरोबर सतरा हजार. वॉरंटी सतरा हजार एकशेदहा.

म्हणजे गणित सांगत होतं, घेऊ नका, एकशेदहा रुपयांचं नुकसान आहे. मी ईसीयूचे वीसचे एकवीस टक्के केले. गणित म्हणालं, घ्या. पुन्हा वीस केले. नका. पुन्हा एकवीस. रात्री साडेबारापर्यंत मी त्या मेंदूला एका टक्क्यानं बरा करत होतो आणि एका टक्क्यानं आजारी पाडत होतो. शेवटी बायकोनं दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी मिरजेला आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आधीची गाडी बारा वर्षं त्यांच्याच हाताखाली होती. खात्री होती की ते म्हणतील, 'कशाला कंपनीच्या नादी लागतायसा, मी हाय न्हवं.' एवढं ऐकायलाच गेलो होतो. ते गाडीखालून बाहेर आले, कापडाला हात पुसले, आकडा ऐकला आणि म्हणाले, "घ्या की."

"अहो, पण तुम्ही असताना..."

"माझं काय घेऊन बसलाय, साहेब? तुमच्या जुन्या गाडीला काय झालं की मी आवाजावरनं सांगत हुतो. आता दोन हजार वीसपास्नं हे बीएस-सहा आलं, धुराचा नवा नियम. ज्यात त्यात सेन्सर. दिवा लागतोय, गाडी रस्त्यात बसतीया. पूर्वी कार्बोरेटरात फुक मारली की चालू. आता ह्यात फुक कुठं मारायची, सांगा तुमीच."

त्यांच्याकडे स्कॅनरही होता. त्यांनी तो दाखवला. गाडीला जोडला की पडद्यावर आकडा येतो. "पर ह्यो नुसता रोग सांगतोय," ते म्हणाले, "औषध कंपनीतच."

चहा पाजला, वर डोक्यावरचं एक ओझं काढून दुसरं ठेवलं. ज्या माणसाचा धंदा बुडावा म्हणून ही वॉरंटी काढली, तोच घ्या म्हणतोय म्हटल्यावर बोलणंच खुंटलं.

बावीस तारखेला, संध्याकाळी पाच चाळीसला, काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं असताना मी पैसे भरले. धोका पातळी. एका पोरानं टॉर्च घेऊन गाडीभोवती चक्कर मारली, कागदावर 'ओके' लिहिलं आणि माझा मेंदू, माझं स्टिअरिंग, माझा कंप्रेसर पुढची दोन वर्षं कंपनीच्या नावे झाले.

आता निवांत व्हायला हवं होतं. झालं उलटंच. सतरा हजार एकशेदहा रुपये गाडीत गुंतले होते आणि गाडी काही परतावा देईना. सकाळी किल्ली फिरवली की गाडी मुकाट्यानं सुरू व्हायची. मी एसी लावून कान देऊन बसायचो. गार हवा यायची आणि मन खट्टू व्हायचं. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागतात आणि विझतात, त्यातला एखादा रेंगाळतोय का, हे मी बघू लागलो. एकदा एक रेंगाळला. सीटबेल्टचा होता.

आणि मग एक दिवस, विश्रामबाग चौकाच्या पुढच्या स्पीडब्रेकरवर, पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज आला. टक्.

"ऐकलंस?" मी शेजारी बसलेल्या बायकोला म्हटलं.

"ऐकलं. पण तुम्ही हसताय का?"

सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर शेजारी बसला. पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडी गप्प. दुसऱ्यावरही गप्प. मला पाहुण्यांसमोर पोरानं कविता न म्हटल्यासारखं झालं. तिसऱ्यावर मी जरा जोरातच घातली आणि टक्! "आला!" मी ओरडलो. ताडोब्यात सुद्धा मी इतका आनंदानं ओरडलो नव्हतो, कारण तिथं वाघ दिसला नव्हता.

गाडी लिफ्टवर चढली. त्यानं खालून एक दांडी धरून हलवली. "लिंक रॉडचं बुश गेलंय, सर. किरकोळ आहे."

"वॉरंटीत येईल ना?"

त्यानं बुश काढून माझ्या तळहातावर ठेवलं. काळं, जांभळाएवढं, एका बाजूनं फाटलेलं.

"रबर आहे, सर."

बिल झालं अकराशे ऐंशी, जीएसटी धरून. काउंटरवर तीच मुलगी होती, आवाजावरून ओळखली. मी पैसे दिले आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "अहो, मग माझ्या वॉरंटीत बसेल असं काही होणार तरी कधी?"

तिनं गाडीचा नंबर टाकून पडद्यावर बघितलं, आणि त्याच जुन्या आर्जवी सुरात म्हणाली, "निराश होऊ नका, सर. अजून एक वर्ष दहा महिने आहेत ना."