स्टेनलेसची पाती बंद करायची? का म्हणून?

हाताने सुऱ्या बनवणाऱ्यांना हल्ली एक सल्ला फुकटात मिळतो: स्टेनलेस बंद करा. त्यामागची कारणंही सगळीकडे तीच फिरतात. स्टेनलेसला धार येत नाही, आली तर टिकत नाही. ते ऐरणीवर घडत नाही, म्हणून त्यात कारागिरी नाही. घरी त्याला धार लावता येत नाही. त्याला लागणाऱ्या भट्टीचा खर्च परवडत नाही. आणि गंजाचं काय घेऊन बसलात, आजीची लोखंडी विळी जन्मभर चाललीच की! तेव्हा ऑर्डरप्रमाणे काम करणाऱ्याने फक्त हाय-कार्बन, म्हणजे गंज धरणाऱ्या साध्या पोलादाला हात लावावा, स्टेनलेस कारखान्यांना सोडून द्यावं. मी दोन्ही प्रकारची पाती बनवतो, आणि यातलं एक कारण सोडलं तर बाकीची मला पटत नाहीत.

धारेचं आधी घेऊ, कारण खरी गोम तिथे आहे. आपल्याकडे ‘स्टील’ म्हटलं की डोळ्यांपुढे ताट-वाटी येते. भांड्यांचं चांगलं स्टील म्हणजे ३०४: साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, कार्बन नावापुरता. ते लालभडक तापवून कशातही बुडवा, कडक होणार नाही. स्वस्तातल्या बऱ्याच सुऱ्यांचा पत्राही तसाच मऊ असतो. टोमॅटोच्या सालीवर घसरणाऱ्या त्या सुरीवरून लोकांनी अख्ख्या जातीला नावं ठेवली. पात्याचं स्टेनलेस वेगळं असतं. मी वापरतो ते एईबी-एल हे स्वीडनचं पोलाद दाढीच्या ब्लेडसाठी काढलेलं आहे. त्यात कार्बन ०.६७ टक्के, क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास. ज्यावर माणसांनी गाल सोपवले, त्याला धार येत नाही म्हणायला धाडस लागतं! नीट कडक केलं तर ते ६१-६२ रॉकवेलपर्यंत (हे कडकपणाचं माप) जातं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा कोयता त्याहून मऊच ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. त्याला लाकडावर घाव घालायचे असतात.

बरं, आक्षेप काही आजचा नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याच्या खटपटीत हे गंज न धरणारं पोलाद ओतलं, तेव्हा गावातल्याच सुरीवाल्यांनी ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ म्हणून त्याची टर उडवली. नव्या पोलादाला जुन्या सवयीने पाणी पाजलं, म्हणजे तापवून-बुडवून कडक केलं, की असंच होतं. साध्या कार्बन पोलादाचं पातं चुंबकाला चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवायचं, ८०० अंशांच्या जरा वर, आणि तेलात बुडवायचं. सरावलेला लोहार हे नुसत्या रंगावरून ओळखतो. एईबी-एलला १०६० ते १०८० अंश लागतात, तेही काही मिनिटं स्थिर. क्रोमियमने धरून ठेवलेला कार्बन त्याशिवाय सुटत नाही. हवा लागू नये म्हणून पातं स्टीलच्या फॉइलमध्ये गुंडाळायचं, बाहेर काढल्याबरोबर अॅल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांत दाबून थंड करायचं, मग कोरड्या बर्फात किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचं, आणि शेवटी थोडं तापवून ठिसूळपणा घालवायचा. यातलं काही चुकलं की पातं मऊ राहतं आणि शिव्या स्टेनलेस खातं.

कारागिरीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. अमेरिकेचे बॉब लव्हलेस सपाट पट्टीतून पातं कापून, घासून सुऱ्या बनवत. सत्तरच्या दशकात त्यांनी वापरलेलं १५४सीएम हेही स्टेनलेसच. त्यांच्या सुऱ्यांसाठी लोक आजही वाट्टेल ती किंमत मोजतात. कडक झालेलं पातं मशीनच्या घासायच्या पट्ट्यावर घासताना मी हातमोजा घालत नाही. बोटांना ऊब जाणवली की लगेच बादलीत बुडवायचं, कारण धारेजवळचा धातू जास्त तापला की आधीची सगळी मेहनत पाण्यात. धारेमागची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणताना ऐरण कामाला येत नाही, हातच लागतो.

घरी धार लावण्याचं अर्धं खरं आहे. एस३०व्हीसारख्या स्टेनलेस पोलादात चार टक्के व्हॅनेडियम असतं. त्याचे कण नेहमीच्या धारेच्या दगडाहून कठीण, त्यामुळे डायमंड प्लेट घ्यावी लागते. एईबी-एलला मात्र साधा १००० नंबरचा दगड पुरतो, धारेवर उरणारी धातूची बारीक कड (बर) चटकन निघते. सगळं स्टेनलेस एका माळेत ओवलं की हा फरक दिसत नाही.

आता आजीची विळी. ती टिकली हे खरं, पण कशी? रोज राखेने घासली जायची, म्हणजे गंजाचा थर रोजच्या रोज निघायचा आणि त्यासोबत लोखंडही. पुसून, कोरडी करून ती जागेवर जायची. आणि झिजत झिजत रुंद पात्याची चंद्रकोर व्हायची, ते कोणी सांगत नाही. शिवाय कैरी, लिंबू, चिंच, कोकम यांचं आम्ल सगळ्यात आधी पात्याचा सगळ्यात पातळ भाग खातं, म्हणजे धारच. पन्ह्यासाठी चार कैऱ्या चिरून कार्बनची सुरी तशीच ओट्यावर ठेवा, तासाभराने बघा. त्यात कोकणातला पावसाळा, खारी हवा, आणि सिंकमध्ये इतर भांड्यांबरोबर सुरी भिजत टाकणारं घर. अशा घराला ‘सुरी पुसत जा’ म्हणून बजावणं म्हणजे नसत्या भानगडी. स्टेनलेसवरही मिठाच्या पाण्याने ठिपके पडतात, हेही मी गिऱ्हाइकाला सांगतो. डी२ नावाचं पोलाद तर १२ टक्के क्रोमियम असूनही गंजतं, कारण त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनने अडकवून ठेवलेलं असतं.

पटलेलं कारण एकच, खर्चाचं. ज्याच्याकडे कोळशाची भट्टी आणि डोळ्याचा अंदाज एवढंच आहे, त्याने स्टेनलेसची ऑर्डर घेऊ नये. तापमान धरणारी विजेची भट्टी नसेल तर पाती बाहेरून कडक करून आणावी लागतात. भोसरीकडे असं काम करणारे आहेत, पण दोन पात्यांसाठी कोण भट्टी पेटवणार? लॉट साठवावा लागतो. त्यामुळे स्टेनलेसचा भाव जास्त आणि वाट बघणंही जास्त, हे ऑर्डर घेतानाच सांगावं. तेवढं ऐकून कोणी कार्बनचं पातं मागितलं तर मी तेही बनवून देतो, फक्त आधी विचारून घेतो की सुरी धुणार कोण.