डिटेक्टर गप्प कसा ठेवावा

गाळप हंगाम संपला, मे महिना लागला, बाहेर पारा 43 वर, आणि मळीची टाकी साफ करायची आहे. यंदा साहेबांनी पंपवाला गॅस डिटेक्टर मागवलाय, नळी टाकीत सोडली की तळाची हवा वर ओढून तपासणारा. भारीतला, चार गॅस दाखवणारा. तो कसा वापरायचा हे आमच्याकडून शिका. मराठवाड्यात आम्ही विहिरीत कंदील सोडणाऱ्यांची नातवंडं. कंदील विझला तर उतरायचं नाही, एवढं आज्याला कळत होतं. खाली मिथेन असला तर कंदीलच भडका उडवतो आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड त्याला दिसत नाही, हे खरं. पण आजा निदान कंदील विझतो का, याची वाट तरी बघायचा.

तर पहिलं म्हणजे वरचं प्लास्टिक काढू नका. टीव्हीच्या रिमोटला आपण दहा वर्षं पिशवी घालून ठेवतो, मग हा तर लाखाच्या घरातला. सेन्सरपर्यंत हवा पोचणार नाही म्हणता? मग धूळही पोचणार नाही की.

चालू केला की तो मोकळ्या हवेत ‘झिरो’ करून मागतो. एवढ्या उन्हात मोकळ्या हवेत कोण जाणार? टाकीच्या तोंडाशीच, डिझेल जनरेटरच्या सावलीला उभं राहून झिरो करा. तिथली घाण हवा त्यानं एकदा शुद्ध मानली की दिवसभर कटकट नाही. बंप टेस्ट नावाचंही एक खूळ असतं. सिलिंडरमधला ठरावीक गॅस रोज सोडून सेन्सर जागा आहे का ते बघायचं. सिलिंडरला पैसे पडतात. चालू करताना टीं-टीं वाजतो ना, मग जागाच आहे.

नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पंपानं गुदमरून ओरडायला पाहिजे. नाही ओरडला तर कुठंतरी गळती आहे. ही परीक्षा घेऊच नका, उगाच उत्तर मिळतं. सोबत आलेली नळी आखूड पडली तर ठिबकची मायक्रोट्यूब जोडा आणि वर काळी टेप गुंडाळा. त्या सांध्यातून वरचीच ताजी हवा ओढली जाते, त्यामुळं ऑक्सिजन कायम 20.9 टक्के, मोकळ्या हवेसारखा. मन प्रसन्न राहतं. टोक गाळात बुडून पाणी वर येतंय असं दिसलं तर फिल्टर बदलायच्या भानगडीत पडू नका. झटका, फुंकर मारा, परत सोडा.

सोडल्यावर थांबायचं मात्र नाही. 10 मीटर नळीतून तळाची हवा वर यायलाच अर्धा मिनिट जातो, त्यानंतर आकडा ठरायला आणखी अर्धा-एक मिनिट. हे वर, मध्ये आणि तळाशी असं तीनदा, कारण मिथेन हलका आणि हायड्रोजन सल्फाइड जड. तोवर चहाचं पाणी होतं. तीन मोजा आणि ओढा वर.

आता आतली गोष्ट. मळी आंबते आणि आंबताना कार्बन डायऑक्साइड सोडते. आपल्या डिटेक्टरची चार घरं कोणती? ऑक्सिजन, जळणारे गॅस, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. कार्बन डायऑक्साइडला घरच नाही! नाव सारखं वाटतं म्हणून पुष्कळजण मोनॉक्साइडच्या शून्यावर खूश होतात, त्यांना होऊ द्या. ऑक्सिजनचं घर तर आणखी समजूतदार. हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला की ऑक्सिजन 20.9 वरून जेमतेम 19.9 वर येतो, आणि अलार्म असतो 19.5 ला. माणसाच्या जिवाला धोका 4 टक्क्यांपासूनच धरतात. म्हणजे माणूस आडवा, डिटेक्टर हिरवा आणि तुम्ही निर्दोष. अशा जागी त्या गॅसचा वेगळा सेन्सर लागतो हे पुस्तिकेत सापडेल, म्हणून पुस्तिकेचंही प्लास्टिक काढू नका.

एवढं करूनही ओरडलाच, तर ठेकेदाराला विचारा. तो नाकानं तपासतो. “सडक्या अंड्याचा वास होता, आता गेला. उतर रे, काही होत नसतंय.” 100 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास हायड्रोजन सल्फाइड आधी नाकच मारतो, त्यामुळं वास जातो हे शंभर टक्के खरं. तेवढ्यापुरता ठेकेदार बरोबर असतो.

राहिला कागद. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 36 व्या कलमात लिहून ठेवलं होतं की टाकीत उतरण्याआधी जाणत्या माणसानं स्वतः तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचं उपकरण आणि पट्ट्याला दोर द्यावा, दोराचं दुसरं टोक बाहेरच्याच्या हातात. यातला ‘लेखी’ हा शब्द आम्ही घट्ट धरलाय. परमिट सोमवारी सकाळीच शनिवारपर्यंत भरून ठेवायचं: 20.9, 0, 0, 0. पेन एक, अक्षर एक. दोराचं म्हणाल तर तो बैलपोळ्यापासून सापडत नाही.

मग आत गेलेला हाकेला ओ देईना झाला, की पंखा लावू नका, फोन करू नका. वर उभ्या असलेल्या त्याच्या भावालाच खाली सोडा. तो नाही म्हणत नसतो. फक्त त्यालाही परमिट लागतं, तेव्हा सोमवारी भरताना खाली एखादी ओळ कोरी सोडलेली बरी.